शरीराची स्मृती आणि समाजाची जबाबदारी

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षक, आरोग्यसेविका, अंगणवाडी कार्यकर्त्या आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या कऱ्हाड येथील मेळाव्यात एका वैद्यक-अध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित मजकूर.)

कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेल्या या नगरीत दोन्ही जिल्ह्यांतील आपण मंडळी आज एकत्र आलो आहोत. तसे पाहिले तर हे दोन जिल्हे एकाच घरचे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन त्याला दक्षिण सातारा हे नाव मिळाले आणि १९६० पासून तोच सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. नदी एक, पिके एक, बाजारपेठा एक. आणि रोगराईचा इतिहासही बव्हंशी एकच. म्हणून आजचा विषय मी या इतिहासाच्या आधारेच मांडणार आहे. विषय आहे रोगप्रतिकारशक्तीचा. आपले शरीर रोगजंतूला ओळखते कसे, त्याचा प्रतिकार करते कसे आणि त्याची आठवण ठेवते कशी, हे आपण पाहू.

आपल्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांच्या दंडावर लहानपणी देवी काढल्याची खूण असेल. तरुण मंडळींच्या दंडावर बीसीजीचा लहानसा व्रण असेल. या खुणा आपण रोज पाहतो; पण त्यांच्यामागे शरीरात काय घडले, याचा विचार क्वचितच करतो. आपल्यापैकी कित्येकांचे कामच लस देण्याचे किंवा लस घ्यावयास लोकांना राजी करण्याचे आहे. 'का द्यायची?' असे एखादी माता विचारते, तेव्हा 'सरकारने सांगितले आहे म्हणून' हे उत्तर पुरेसे नसते. खरे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.

नायगावची कन्या आणि प्लेगची साथ

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा जन्म तेथे ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. त्यांचे निधन १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगने झाले. त्या साथीत त्या व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची शुश्रूषा करीत होते. प्लेग झालेल्या एका मुलाला दवाखान्यात पोचविताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

याच काळातील दुसरी एक तारीख सांगतो. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा प्रयोगशाळेत तीन महिने अहोरात्र खपून प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. प्लेगचे जंतू रसात वाढवावयाचे, उष्णतेने मारावयाचे आणि ते मेलेले जंतू टोचावयाचे, अशी ती लस होती. म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूच्या बरोबर दोन महिने आधी मुंबईत ही लस अस्तित्वात आली होती. लस कुपीत होती. पण दंडापर्यंत पोचली नव्हती. कुपी आणि दंड यांमधील हे अंतर आपण लक्षात ठेवावे. व्याख्यानाच्या शेवटी मी त्याकडे पुन्हा वळणार आहे.

पुढील वर्षांत आपल्या भागात प्लेगच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. आपल्या आजा-पणजांनी या आजाराला 'गाठीचा ताप' हे नाव दिले. काखेत किंवा जांघेत गाठ आली की घरचे लोक हवालदिल होत. ही गाठ म्हणजे नेमके काय, तेच आता पाहू.

अवधाण म्हणजे काय?

पायाला काटा लागून ठेच चिघळली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का होते? आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसीकावाहिन्यांचे एक जाळे आहे. पायाकडून येणारा द्रव या वाहिन्यांतून जांघेतील लसीका ग्रंथींत येतो, तेथे गाळला जातो आणि मग पुढे जातो. या ग्रंथी म्हणजे शरीराची नाकी होत. नाक्यावर वाहन थांबते, तपासले जाते. त्याचप्रमाणे येथे द्रवातील प्रत्येक परकी वस्तू तपासली जाते.

जंतू शरीरात शिरतो, तेव्हा पहिला सामना जखमेच्या जागीच होतो. तेथे असलेल्या भक्षक पेशी दिसेल त्या परक्या वस्तूला गिळू लागतात. हा प्रतिकार उपजत असतो. तो काही तासांत सुरू होतो; पण हा जंतू कोणता, तो कोणत्या प्रकारचा, असा बारीक भेद त्याला फारसा करता येत नाही. त्याचवेळी आणखी एक महत्त्वाची घटना घडते. फांद्या फुटल्यासारख्या आकाराच्या काही पेशी जंतूचे तुकडे आपल्या अंगावर घेऊन लसीकावाहिन्यांतून ग्रंथीकडे निघतात. ग्रंथीत लसीका पेशींची दाटी असते. त्यांच्यासमोर हे तुकडे मांडले जातात. जंतूच्या अशा ओळख पटविणाऱ्या भागाला शास्त्रात 'प्रतिजन' म्हणतात. ज्या पेशीला तो प्रतिजन जुळतो, ती झपाट्याने वाढू लागते. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ. वाढलेल्या पेशींमुळे ग्रंथी सुजते व दुखू लागते. हेच आपले अवधाण. अवधाण ही शरीराच्या अभ्यासाची खूण आहे.

प्लेगमध्ये दुर्दैवाने हा अभ्यास पूर्ण होत नाही. पिसू बहुधा पायाला चावते. जंतू जांघेतील ग्रंथीत पोचतात आणि ज्या ठिकाणी त्यांची ओळख पटावयाची, त्याच ठिकाणी बेसुमार वाढतात. भक्षक पेशींना चुकविण्याची युक्ती या जंतूपाशी आहे. लसीका पेशी सज्ज होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. एवढा अवधी गाठीचा ताप देत नाही. उपचार न मिळाल्यास शंभरांतील तीस ते साठ रुग्ण दगावतात. आज प्रतिजैविक औषधांनी हा आजार बरा होतो. १८९७ साली ती औषधे नव्हती. म्हणून शत्रू येण्यापूर्वीच शरीराकडून हा अभ्यास करवून घेणे, एवढा एकच मार्ग हाफकिन यांच्यापुढे होता. लस म्हणजे नेमके हेच होय.

बियाण्याची निवड

येथे एक प्रश्न उभा राहतो. जगात असंख्य प्रकारचे जंतू आहेत. त्यांपैकी कोणता आपल्या वाट्याला येईल, हे शरीराला आधी कसे कळावे? १९७७ साली जगात नसलेला किंवा निदान माणसांत नसलेला एखादा विषाणू २०१९ साली अवतरतो आणि तरीही आपल्या शरीरात त्याला ओळखणारी पेशी सापडते. ही पेशी आली कोठून?

पुष्कळ दिवस शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, जंतू आल्यावर त्याच्या मापाप्रमाणे शरीर हत्यार घडविते. ही समजूत खरी ठरली नाही. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ साली वेगळा विचार मांडला. शरीर आधीच कोट्यवधी प्रकारच्या लसीका पेशी तयार करून ठेवते. प्रत्येक पेशीच्या अंगावर एकाच घडणीचा ग्राहक असतो. जंतू येतो तो घडवावयास नव्हे, तर निवडावयास. ज्या पेशीचा ग्राहक त्याला जुळेल, ती वाढते. बाकीच्या तशाच राहतात.

शेतकऱ्याला हे समजावयास अवघड नाही. आपले वडीलधारे खळ्यावर ज्वारीच्या राशीतून भरदार कणसे निवडून पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवीत. कणीस त्यांनी घडविले नव्हते. असलेल्यांतून निवडले होते. शरीरातही असेच घडते. एवढेच नव्हे, तर वाढीच्या काळात या पेशींच्या ग्राहकांत बारीकसारीक फरक पडत जातात आणि त्यांतून जी अधिक घट्ट जुळते, तीच पुढे निवडली जाते. सालोसाल निवड केलेल्या बियाण्याप्रमाणे काही आठवड्यांत प्रतिकार अधिकाधिक नेमका होत जातो.

पण माणसाच्या पेशीत जनुके आहेत सुमारे वीस हजार. इतक्या थोड्या जनुकांतून कोट्यवधी घडणींचे ग्राहक निघतात कसे? या कोड्याचा उलगडा जपानी शास्त्रज्ञ सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ साली केला. ग्राहक घडविणारी जनुके तुकड्यातुकड्यांनी असतात. प्रत्येक पेशी घडताना त्या तुकड्यांची वेगवेगळी जुळणी होते. बाराखडीतील मोजक्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द तयार होतात, तसाच हा प्रकार. या संशोधनाबद्दल त्यांना १९८७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन फळ्या

लसीका पेशींचे दोन मुख्य प्रकार आहेत, बी-पेशी आणि टी-पेशी. बी-पेशींचे नाव कोंबडीवरून आले, हे सांगितल्यास आपल्याला गंमत वाटेल. कोंबडीच्या शरीरात शेपटीकडील भागात 'बर्सा' नावाची एक पिशवी असते. तिच्यात या पेशी तयार होतात. सांगली जिल्ह्यातील कुक्कुटपालकांना गंबोरो हा रोग चांगला माहीत आहे. त्याचा विषाणू याच पिशवीचा नाश करतो. मग पिल्लाला दुसऱ्या रोगांच्या लसी देऊनही त्यांचा गुण यावा तसा येत नाही. माणसात अशी पिशवी नाही. आपल्या बी-पेशी हाडांच्या मगजात तयार होतात.

जुळणारा जंतू भेटल्यावर बी-पेशींतून प्रतिपिंडे निर्माण होतात. एकेक सज्ज पेशी सेकंदाला हजारोंच्या संख्येने प्रतिपिंडे रक्तात सोडते. ही प्रतिपिंडे जंतूला चिकटून त्याची हालचाल बंद पाडतात, त्याला पेशीत शिरू देत नाहीत आणि भक्षक पेशींना 'हा शत्रू' अशी खूण पटवून देतात.

परंतु विषाणू एकदा आपल्याच पेशीच्या आत शिरला की प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोचू शकत नाहीत. तेथे टी-पेशींची फळी कामी येते. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी आत चाललेल्या घडामोडींचे नमुने सतत आपल्या पृष्ठभागावर मांडीत असतात. गस्त घालणारी टी-पेशी ते नमुने तपासते आणि त्यांत परका तुकडा दिसला तर ती बिघडलेली पेशीच नष्ट करते. टी-पेशींचा दुसरा एक गट साहाय्यकांचा. त्यांनी दुजोरा दिल्याशिवाय बी-पेशींचे काम सहसा पूर्ण ताकदीने चालत नाही. एवढ्या प्रभावी हत्याराचा वापर एकाच पेशीच्या मर्जीवर सोपवू नये, अशी ही व्यवस्था आहे.

आपले आणि परके

कोट्यवधी घडणी अशा योगायोगाने तयार होत असतील, तर त्यांपैकी काही आपल्याच शरीराला शत्रू समजणाऱ्या निघणार, हे उघड आहे. म्हणून छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत टी-पेशींची कसून परीक्षा होते. स्वकीयांवर उठणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच मारल्या जातात. त्यातूनही निसटलेल्यांना आवर घालण्यासाठी नियंत्रक टी-पेशी असतात. त्यांच्या शोधाबद्दल मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हा आवर सुटला की संधिवाताचे काही प्रकार किंवा लहान मुलांतील मधुमेह यांसारखे विकार उद्भवतात.

प्रतिकार थोडा झाला तर काय होते आणि अवाजवी झाला तर काय होते, हे समजून घ्यावयाचे असेल, तर मिरजेकडे पाहावे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि हे गाव वैद्यकीय सेवेचे केंद्र म्हणून सर्वदूर प्रसिद्ध झाले. कुष्ठरुग्णांसाठी तेथे स्वतंत्र रुग्णालय झाले. वान्लेसवाडीला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झाले. सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या हवेतही क्षयरुग्णांची सोय झाली होती.

कुष्ठरोगाचा जंतू सर्व रुग्णांत एकच. पण रोगाचे रूप मात्र माणसागणिक निराळे. ज्याच्या टी-पेशी या जंतूविरुद्ध जोमाने काम करतात, त्याच्या अंगावर एक-दोन बधिर चट्टे उठतात आणि जंतू फारच थोडे सापडतात. ज्याच्या टी-पेशी थंड राहतात, त्याच्या त्वचेत जंतूंची अमर्याद वाढ होते. पुष्कळदा मज्जातंतूंची हानी होते ती जंतूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेमुळे. म्हणजे कुष्ठरोग हा पूर्वजन्मीच्या पापाचा नव्हे, तर एक जंतू आणि टी-पेशी यांच्यातील संबंधाचा प्रश्न आहे. बहुविध औषधोपचाराने तो बरा होतो आणि ही औषधे विनामूल्य मिळतात. चट्टा दिसताच तपासणीस पाठविणे, एवढे तरी आपण प्रत्येकाने करावे.

क्षयरोगाची मांटू चाचणी आपण पाहिली असेल. हाताला टोचल्यावर दोन-तीन दिवसांनी सूज मोजतात. एवढा वेळ का लागतो? कारण क्षयाच्या जंतूची पूर्वी ओळख झालेल्या टी-पेशींना त्या ठिकाणी जमा होण्यास तेवढा अवधी लागतो. ती सूज म्हणजे शरीराच्या आठवणीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होय.

उसनी घेतलेली शक्ती

काही प्रसंगी मात्र शरीराला शिकण्यास सवडच नसते. बत्तीस शिराळ्याचे नाव नागपंचमीमुळे सर्वत्र माहीत आहे. उसाच्या फडात, भाताच्या खाचरात नाग, घोणस, मण्यार, फुरसे यांचा दंश होतो. विष काही तासांत घात करते. तेथे आठवडाभर थांबून चालत नाही. तयार प्रतिपिंडेच द्यावी लागतात. घोड्यांना विषाची अल्प मात्रा हळूहळू वाढवीत देतात. त्यांच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती शुद्ध करून सर्पविषविरोधी लस बनवितात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम अनेक दशके झाले आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, लहान मुलाला दंश झाला तर या औषधाची मात्रा कमी करावयाची नसते. सापाने सोडलेले विष मूल पाहून कमी होत नाही आणि प्रतिपिंडांना सामना करावयाचा असतो तो विषाशी. दुसरी, ही शक्ती उसनी आहे. काही आठवड्यांत ती ओसरते आणि मागे आठवण उरत नाही. पुन्हा दंश झाला तर पुन्हा रुग्णालयच गाठले पाहिजे. 'एकदा वाचला, आता त्याला विष चढत नाही' हा समज घातक आहे.

उसन्या शक्तीचे दुसरे उदाहरण प्रत्येक गोठ्यात आहे. गाय व्याली की वासराला लगेच चीक पाजावा, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती सारी चिकातून मिळतात आणि तीही पहिल्या दिवसातच. माणसाच्या बाळाला काही प्रतिपिंडे वारेतून मिळतात, तरीही आईच्या चिकदुधाचे महत्त्व तेवढेच मोठे आहे. वासराला चीक पाजणाऱ्या घरात बाळाचे पहिले दूध पिळून टाकून देण्याची चाल कोठे उरली असेल, तर ती बंद झाली पाहिजे.

आईकडून मिळालेली ही शिदोरी काही महिन्यांत संपते. ती शिल्लक असते तोवर गोवराची लस नीट लागू पडत नाही. संपल्यावर उशीर केला तर बाळ उघडे पडते. म्हणून गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण होताच द्यावयाची असते.

आठवण किती टिकते?

एकदा निवड झालेल्या पेशींपैकी बहुतेक मरून जातात; परंतु काही स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर आठवड्यांचे काम दिवसांत होते. या आठवणीच्या टिकाऊपणाचा एक जुना पुरावा उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांचा आहे. तेथे १८४६ साली गोवराची मोठी साथ आली. त्यापूर्वीची साथ होती १७८१ सालची. पासष्ट वर्षांपूर्वी ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या वृद्धांना तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद डॅनिश वैद्य पानुम यांनी केली.

आठवण आकाराची असते, नावाची नव्हे. म्हणूनच १७९६ साली जेन्नर यांना गाईच्या देवीचा उपयोग माणसाच्या देवीविरुद्ध करता आला. भारतात ही लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला देण्यात आली. १९७५ साली देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. २०२२ साली महाराष्ट्रात जनावरांवर लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा माण, खटाव, आटपाडी, जत या खिलार जनावरांच्या मुलखात केवढी काळजी पसरली होती, हे आपण पाहिले आहे. बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या. त्यावेळी लाखो जनावरांना जी लस दिली गेली, ती शेळ्यांच्या देवीची होती. दोन्ही विषाणूंची ठेवण एवढी सारखी की, एकाची ओळख दुसऱ्याला पुरते. एकेकाळी गाईने माणसाला वाचविले. येथे शेळी गाईच्या मदतीला आली.

ही आठवण पुसलीही जाऊ शकते. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच ग्रासतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, गोवर झालेल्या मुलांनी अन्य रोगांविरुद्धच्या आपल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गमावली होती. 'गोवर काय, सगळ्यांनाच येतो' असे म्हणणाऱ्यांना हे अवश्य सांगावे. गोवर बरा होतो. पण मूल आधी शिकलेले पुष्कळसे विसरते आणि पुढचे कित्येक महिने दुसऱ्या आजारांना बळी पडू शकते. लसीमुळे असे घडत नाही.

मुदत मिळवून देणे

मार्च २०२० च्या अखेरीस त्या वेळच्या इस्लामपूर शहरात कोविडच्या रुग्णांचा एक मोठा समूह आढळला. रुग्णांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात ठेवण्यात आले आणि त्यांतील बहुतेक जण बरे होऊन घरी गेले. त्यावेळी लस नव्हती, खात्रीचे औषध नव्हते. मग ते बरे कशामुळे झाले? त्यांच्या स्वतःच्या लसीका पेशींमुळे. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी प्राणवायू, आहार व देखरेख यांच्या साहाय्याने शरीराला जे मिळवून दिले, ती होती मुदत. शिकण्यासाठी लागणारे आठ-पंधरा दिवस. ज्यांना ती मुदत मिळू शकली नाही, ती माणसे आपण पुढच्या दोन वर्षांत गमावली. येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी ती जागा रिकामी आहे. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले आणि शरीराला आजारापूर्वीच शिकण्याची संधी मिळाली.

कुपी आणि दंड

आता मी सुरुवातीच्या मुद्द्याकडे येतो. १८९७ साली लस आणि माणूस यांमध्ये दोन महिन्यांचे आणि एका घाटाचे अंतर होते. आज लस उपकेंद्रावर आहे, ती विनामूल्य आहे. अंतर संपले आहे काय?

गाळप हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून आणि आपल्याच दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. काही वर्षांपूर्वी एका टोळीच्या तळावर तपासणीसाठी मी गेलो होतो. एका कोपीत अकरा महिन्यांचे मूल तापाने फणफणलेले होते. अंगावर पुरळ होते. लसीचे कार्ड कोठे आहे, असे मी त्याच्या आईला विचारले. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, कार्ड गावाकडं पेटीत हाय. तिकडच्या बाई म्हणाल्या नऊ महिन्यांनी या. नववा महिना लागला तवा आम्ही हितं आलो. हितं कुनी बोलावलं न्हाई." उपकेंद्र तेथून चालत वीस मिनिटांवर होते. त्या बाईने लस नाकारली नव्हती. ती गावाच्या यादीत होती, पण गावात नव्हती. आमच्या शिवारात होती, पण आमच्या यादीत नव्हती. ते मूल दोन आठवड्यांनी सावरले. त्याने शिकलेले काय काय गमावले, हे कोणत्याच कार्डावर लिहिलेले नसेल.

म्हणून माझी विनंती आहे. हंगाम सुरू होताच ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातील कोप्यांची व त्यांतील पाच वर्षांखालील मुलांची यादी करावी आणि ती आरोग्यसेविकेकडे द्यावी. मुकादमाला विश्वासात घ्यावे. साखरशाळेतील किंवा गावच्या शाळेतील शिक्षकांनी मोठ्या भावंडांकडून धाकट्यांची माहिती घ्यावी. लसीकरणाचा दिवस फडाच्या सवडीने, माणसे तळावर असतील अशा वेळी ठरवावा.

आणखी एक गोष्ट मातांना आवर्जून सांगा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस देताना मध्ये खंड पडला, तर 'आता सगळे वाया गेले' असे समजून पुष्कळ जणी येतच नाहीत. तसे मुळीच नाही. आधीच्या डोसाने निवडलेल्या स्मृतिपेशी शरीरात वाट पाहत असतात. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस घ्यावयाचा आणि पुढे चालावयाचे. दुसरा, तिसरा व वर्धक डोस असतात तेही याचसाठी. प्रत्येक डोसाने निवड पुन्हा होते आणि बियाणे अधिक सकस होते. उशिरा आलेल्या मातेवर रागावू नये. ती आली, याचा आनंद मानावा.

बंधुभगिनींनो, शरीराची व्यवस्था मी आपल्यापुढे मांडली. त्या व्यवस्थेत परका कोण आणि आपला कोण, हे ओळखण्यास चूक झाली तर माणूस आजारी पडतो. समाजाचेही तसेच आहे. चार महिन्यांसाठी आपल्या शिवारात आलेले मूल आपलेच आहे, ही ओळख आपल्याला पटली पाहिजे. सावित्रीबाईंना ती पटली होती. त्यांनी उचललेले मूल त्यांच्या घरचे नव्हते. त्यांच्या हाती लस नव्हती. आपल्या हाती ती आहे. येत्या हंगामात आपल्या गावच्या शिवारातील एकही कोपी यादीबाहेर राहणार नाही, एवढा निश्चय करून आपण येथून जावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.